मागे न पाहणाऱ्यांची जीप

मी जीप बोलतेय. चारही चाकांना जोर लावणारी, ताडपत्रीच्या टपाची, जुनी जीप. ऐकायचं असेल तर लवकर ऐका, कारण एका जागी थांबून बोलणं माझ्या स्वभावात नाही. उभी राहिले की माझं डोकं फिरतं. बॅटरी उतरते, टायर बसतात, सीटखाली उंदीर संसार मांडतात आणि येणारा-जाणारा बॉनेटवर भाजीच्या पिशव्या ठेवतो. तंजावूरच्या मेल वीथीमागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये मला ठेवलंय. समोर भिंत, तोंडासमोर दोन हातांवर. सांगा बरं, धावणारीला अशी भिंत दाखवून बसवतात का कोणी?

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सगळ्यांना रंग लावला तसा मलाही लावला. मग सरकारी खात्यात गेले. काम समुद्रकाठचं. कुठे बांध फुटला, कुठे वादळाने वाळू खाल्ली, ते बघायला साहेब लोकांना न्यायचं. पहिल्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी मला डांबरी रस्त्यावरून थेट वाळूत घातलं, त्याच वेगात, त्याच भरलेल्या टायरांनी. पन्नास हात गेले आणि पोटापर्यंत बसले. तो बाबा वर बसून ॲक्सिलरेटर दाबतोय, मी खाली खड्डा खणतेय. चाक जितकं फिरतं तितकं खाली जातं, एवढी साधी गोष्ट त्याला कळेना.

त्या दिवशी माझ्यातून एक इंजिनियर उतरले. सांबशिवराव. तंजावूरच्या मराठी घरातले, म्हणजे घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि फायलीत इंग्रजी. त्यांनी ड्रायव्हरला शिव्या दिल्या नाहीत. चपला काढल्या, धोतर नव्हे हो, पँटच वर दुमडली, आणि अनवाणी चालत सगळा किनारा तुडवून आले. कुठे पाय रुततो, कुठे रुतत नाही, हे पायाने बघून घेतलं. परत येऊन म्हणाले, "उद्यापासून किल्ली माझ्याकडे."

तेव्हापासून माझे दिवस पालटले. वाळूला लागायच्या आधी ते माझ्या चारही टायरांतली हवा सोडायचे. तीस पौंडांवरून अठरावर. टायर पसरले की मला वाळूवर कसं हलकं वाटायचं! मग पुढच्या चाकांनाही जोर मिळावा म्हणून त्यांचा दांडा टाकायचा, ओहोटीची वेळ गाठायची आणि ओल्या, घट्ट वाळूवरून एका संथ चालीने निघायचं. मध्ये करकचून ब्रेक नाही, झटक्यात वळण नाही. थांबायचंच असेल तर पाय काढून घ्यायचा आणि मला आपणहून थांबू द्यायचं. जाळी वाळत असतील, कासवांनी अंडी घातली असतील, तिथून लांबून. आणि एवढं करून रुतलंच तर गुरगुरायचं नाही. आल्या चाकोरीने हळूच मागे यायचं. हे त्यांनी मला सतरा वर्षं शिकवलं. मला म्हणजे स्वतःलाच हो, पण मला आपलं वाटायचं, मलाच.

पुढे खात्याने मला लिलावात काढलं, आणि सांबशिवरावांनी मला घरी आणलं. त्यांच्या बायको वेंकूबाई दारात उभ्या होत्या. वरपासून खालपर्यंत मला पाहून म्हणाल्या, "अय्यो! रिटायर होऊन माणसं काशीला जातात, तुम्हीं हे लोखंड घेऊन आलांत?"

"लोखंड कशाला म्हणतेस? बघ, एका हाकेत सुरू होते."

"तेच तर! मज हाका मारून मारून तुमचा घसा बसतो, आणि हिला एका हाकेत."

तेव्हापासून त्या मला 'ह्यांची दुसरी' म्हणायला लागल्या. समुद्रावरून आलं की सांबशिवराव दोन-दोन तास गोड्या पाण्याने माझं पोट धुवायचे, मीठ राहू नये म्हणून. वेंकूबाई कॉफीचा टंबलर घेऊन उभ्या. "मज कधीं असं न्हाऊं घातलं नाहीं हो," असं ऐकवायच्या. पण बसायच्या माझ्यातच. गुडघे धरलेले, म्हणून मागच्या बाकावर पाय लांब करून, तोंड मागच्या बाजूला. पुढची सीट त्यांना कधी आवडली नाही. "येणारं बघून काय करूं? गेलेलं तरी नीट पाहातें," म्हणायच्या आणि तिरुवैयारूपर्यंत मागे पळणारी केळीची रानं बघत बसायच्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रणवेश. एकोणीस वर्षांचा असताना तिरुवैयारूला कावेरीच्या कोरड्या पात्रात सांबशिवरावांनी त्याला माझ्यावर शिकवायला बसवलं. बापाने लेकाला गाडी शिकवणं म्हणजे काय असतं, तुम्हाला माहीत आहे. अर्ध्या तासात दोघांचे आवाज चढले. "आप्पा, तुम्हींच चालवा!" म्हणून तो उतरला आणि वाळूतून चालत बस स्टँडला गेला. पुढे बंगळूरला नोकरी, तिथे आपोआप गिअर बदलणारी गुळगुळीत गाडी. मला तो हात लावीना. मला राग होता, खोटं कशाला बोलू? पण त्या पोराला माझी भीती वाटत होती, हे मला उशिरा कळलं.

यंदा एप्रिलमध्ये सांबशिवराव गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मी शेडमध्ये उभी. घरात माणसांचा राबता, कोणी तरी माझ्या टपावर ओल्या चटया वाळत घातल्या. दहा दिवस कोणी किल्ली फिरवली नाही. मला नुसता जीव नको झाला होता. कोणाला विचारणार? मला काय तोंड आहे?

एरवी ह्या घरातल्या अस्थी तिरुवैयारूला कावेरीत सोडतात. पण त्या दिवसांत धरणाचं पाणी सुटलेलं नसतं. पात्रात वाळू आणि क्रिकेट खेळणारी मुलं. म्हणून समुद्रावर जायचं ठरलं, सांबशिवरावांनी बांध घातलेल्या त्या किनाऱ्यावर, जिथे छोटी नदी समुद्राला मिळते. प्रणवेश म्हणाला, "मी एकटा जाऊन येतों."

वेंकूबाई म्हणाल्या, "मीही येतें."

"अम्मा, रस्ता संपल्यावर पाऊण मैल वाळू आहे. तुज चालवेल कां?"

"मज चालवायचं कशाला? ती आहे नव्हे शेडमध्ये?"

तर अशी मी निघाले. पहाटे. पुढच्या सीटवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं, मागच्या बाकावर पाय लांब करून वेंकूबाई, आणि स्टिअरिंगवर प्रणवेश. निघताना घरच्या गुरुजींनी त्याला दोन गोष्टी बजावल्या होत्या. हे घर त्या पाळत आलंय. अस्थी सोडल्या की मागे वळून पाहायचं नाही. आणि गेलात त्या वाटेने परत यायचं नाही.

हा प्रणवेश एरवी काही मानणारा नव्हे. संध्या नाही, जानवं खुंटीला. पण त्या सकाळी त्याने मनाशी काहीतरी पक्कं केलं होतं. "अम्मा, आप्पांच्या बाबतींत आज एक चूक करायची नाहीं," असं तो वाटेत तीनदा म्हणाला. जिवंतपणी बापाशी धड बोलला नाही ना, आता सगळं भरून काढायचं होतं त्याला. मला हे पटलं नाही, पण मी कोण सांगणार?

जाताना त्याने सगळं बरोबर केलं. सुरूच्या बनापाशी उतरून टायरांची हवा सोडली, पुढचा दांडा टाकला, ओल्या वाळूवरून सरळ उत्तरेला नेलं. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, पोरगं विसरलं नाही. ठरल्या जागी त्याने पाय काढून घेतला, मी आपणहून थांबले. तो मडकं घेऊन कमरेइतक्या पाण्यात गेला. वेंकूबाई बाकावरूनच हात जोडून बसल्या. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

तो परत आला तो समुद्राकडे पाठ करून, उलटी पावलं न टाकता, नजर जमिनीला. ओल्या कपड्यांनी सीटवर बसला. आणि पहिलं काम काय केलं असेल? माझा उजवा आरसा फिरवून आत वळवला. डाव्या आरशावर पंचा टाकला. चुकूनसुद्धा मागचं दिसू नये म्हणून! मी हादरलेच. वाळूवर गाडी आणि आरशावर पंचा! ज्या माणसाने मला आयुष्यभर मागे यायला शिकवलं, त्याच्या नावाने माझे डोळे बांधले.

"मागे पाहूं नको हो अम्मा," तो म्हणाला. "खाली बघ."

"सरी," वेंकूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मान खाली घातली. मागच्या बाकावर बसलेल्या बाईला मागे न पाहणं किती अवघड, विचार करा. समोर मोकळा समुद्र, आणि ती बाई आपल्या पायांच्या बोटांकडे बघतेय.

आता परत जायचं म्हणजे मला वळवून त्याच चाकोरीने न्यायला हवं होतं. ते चालणार नव्हतं. पुढे नदीच्या मुखाशी बन दिसत होतं, म्हणजे वाट असणारच, असं त्याने ठरवलं आणि मला पुढेच काढलं. चालून बघितलं नाही. अहो, नदीच्या मुखाची वाळू वरून सपाट, चकचकीत, पापडासारखी दिसते. खाली नुसता गाळ. सांबशिवरावांनी तिथे मला कधी नेलं नाही. साठ पावलं गेले आणि माझं पुढचं उजवं चाक आत गेलं. मग डावं.

थांब रे, थांब, मी मनात ओरडले. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. चाकांनी गाळ उडवला, माझं पोट टेकलं. त्याने आणखी दाबला. इंजिन तापलं, वास सुटला. आणि भरती लागली होती. डाव्या बाजूने नदीतून पाणी आत शिरायला लागलं, उजव्या बाजूला लाटांचा फेस आधी दहा हातांवर होता, तो आठ हातांवर आला. प्रत्येक लाट माझ्या चाकांखालची थोडी वाळू ओढून नेत होती. मी उभी होते आणि उभ्या उभ्या खाली जात होते. ह्यापेक्षा वाईट मला काही माहीत नाही.

तेवढ्यात बनाकडून एक बाई ओरडत आली. "तंबी! वंडी बंद कर! गाडी आधी बंद कर!" वासुकी तिचं नाव. किनाऱ्यावर मासळी वाळवणारी. सांबशिवरावांना ती वीस वर्षं ओळखत होती. तिच्या दारी थांबून ते ताडगोळे खायचे. तिने मला ओळखलं, मग वेंकूबाईंना, आणि मग पुढची रिकामी सीट पाहून कपाळाला हात लावला.

"इंजिनियर सार?" तिने तमिळमध्ये विचारलं.

वेंकूबाईंनी नुसती मान हलवली.

वासुकी रडली, पण रडत रडत हातही चालवायला लागली. गडी माणसं सगळी होड्या घेऊन समुद्रात गेलेली. मदतीला ती एकटी. आधी त्या दोघांनी वेंकूबाईंना उचलून न्यायचा प्रयत्न केला. गुडघे वाकेनात, वजन पेलेना, प्रणवेशचेच पाय गुडघ्यापर्यंत रुतले. त्यांना पुन्हा बाकावर ठेवलं. म्हणजे मी बाहेर आले तरच त्या बाहेर येणार. माझ्या पाटावर, म्हणजे पाय ठेवायच्या पत्र्यावर, आता पाण्याची चूळ आली होती.

वासुकीने मासळीच्या टोपल्याने चाकांमागची वाळू उपसली. ताडाच्या झावळ्या आणून चाकांमागे खोल खुपसल्या. प्रणवेशला टायरांची आणखी हवा सोडायला लावली. मग हात झाडून म्हणाली, "चल. आलास तसा मागे घे. साठ पावलांवर घट्ट वाळू आहे. तिथून आम्ही होड्या ओढतो ती वाट थेट वर बनात जाते. ये मागे."

वाट होती. आमच्या पाठीमागेच होती. जाताना समुद्राकडे बघत गेलो म्हणून दिसली नव्हती, आणि आता आरसे बांधलेले.

प्रणवेश जागचा हलेना. "मागे नाही जायचं आम्ही," तो म्हणाला. "पुढेच काढा. झावळ्या पुढे घाला."

"पुढे गाळ आहे रे बाबा! पुढे गेलेली होडी आम्ही परत पाहिली नाही!"

"तुम्हाला नाही कळायचं. आप्पांचं अजून..." त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. "मी सगळं आयुष्य त्यांचं एक ऐकलं नाही. आज तरी..."

मला इतकं वाईट वाटलं त्याचं! आणि इतका रागही आला! पाणी चढतंय, आई मागे बसलीय, आणि हा बापाचं ऐकतोय म्हणे.

तेव्हा मागून वेंकूबाईंचा आवाज आला. शांत नव्हता. चिडलेला होता.

"प्रणवेश, तूं पुढे बघ. तुज कोणीं मागे पाहायला सांगितलं? मी पाहातें."

"अम्मा, नक्को! नाहीं पाहायचं!"

"कां नाहीं? सकाळपासून मान धरून बसलें आहे मी. मज पाहायचंच आहे रे! चव्वेचाळीस वर्षं राहिलें त्यांच्याबरोबर, आणि निघतांना एकदां वळून पाहूं नको म्हणे! काय पाप लागायचं तें मज लागूं दे. घाल तो रिव्हर्स."

आणि त्यांनी मान वर केली. टपाची मागची ताडपत्री हाताने बाजूला सारली आणि सरळ त्या जागेकडे पाहिलं.

प्रणवेशने डोळे पुसले. रिव्हर्स टाकला. क्लचवरचा पाय इतका हळू उचलला की मला वाटलं, सांबशिवरावच बसलेत. मी झावळ्यांना टेकले, दात लावावेत तशी त्यांना धरलं, एकदा घसरले, पुन्हा धरलं.

"ये, ये," वेंकूबाई सांगत होत्या. "थोडं माझ्या उजव्या हाताला. नव्हे, तुझ्या डाव्या. अत्तां सरळ." मागे वासुकी दोन्ही हात हलवत उलटी चालत होती. चाकोरी माझ्या चाकांना सापडली. मी आपलीच वाट चाचपत मागे मागे आले.

मध्येच वेंकूबाईंचा आवाज चिरला. प्रणवेशचा पाय ढिला पडला.

"थांबूं नको रे!" त्या हुंदका देत ओरडल्या. "मज काय होईल तें होईल, तूं थांबूं नको!"

तो थांबला नाही. घट्ट वाळू लागली. मोठं वळण घेऊन होड्यांच्या वाटेने मी बनात चढले, आणि सुईसारखी सुरूची पानं माझ्या चाकांखाली आली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मागे पाहिलंत तर आमची चाकोरी पाण्याखाली गेलेली होती. प्रणवेश खाली उतरला आणि पायपंपाने टायर भरू लागला. चार टायर, एक-एक भरायला पंधरा मिनिटं. बाप गेल्यापासून तो रडला नव्हता. पंप मारता मारता रडला. वासुकीने त्याला ताडगोळे सोलून दिले, ते त्याने रडतच खाल्ले.

ह्याला चार महिने झाले. खाऱ्या पाण्याने माझं पोट खाल्लंय. धुतलं त्याने, पण बापासारखं दोन तास नाही. पाटाला भोक पडलंय, पुढचं एक बेअरिंग कुरकुरतं, आणि पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. पास होईन की भंगारात जाईन, माझा मलाच भरवसा नाही. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. वेंकूबाईंनी दोन्ही वेळा दारातूनच परत लावून दिलं.

प्रणवेश दर दुसऱ्या शनिवारी बंगळूरहून येतो. शेडमध्ये येतो, दार उघडतो, स्टिअरिंगवर बसतो. इंजिन दहा मिनिटं चालवतो आणि बंद करतो. कुठे नेत नाही. मला आधी वाटायचं, काय ही थट्टा! आता समजतं. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. आईने त्या दिवशी मागे पाहिलं, ते त्याच्या मनात सारखं टोचत होतं.

काल वेंकूबाई काठी टेकत शेडमध्ये आल्या. वर चढवत नव्हतं, म्हणून माझ्या पायरीवरच बसल्या. प्रणवेशने इंजिन बंद केलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं,

"अम्मा. त्या दिवशी मागे पाहिलंस. काय दिसलं?"

वेंकूबाईंनी काठी माझ्या टायरला टेकवून ठेवली.

"पाणी दिसलं. वासुकी दिसली. बगळा होता एक."

"आणि आप्पा?"

"नव्हते रे." त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "पाहूं नको, पाहूं नको म्हणतात ना सगळे? मज वाटलं, कोणीतरी असेल म्हणूनच सांगत असतील."

प्रणवेश खाली उतरला आणि आईच्या शेजारी पायरीवर बसला. मी दोघांच्या वजनाने थोडी एका अंगावर कलले. कलू दे. बाबांनो, शेडचं दार तेवढं कोणी लावू नका. ही दोघं उठली की मला बाहेर काढायला सांगा.